मालिकेतली नटी मध्येच दिसेनाशी का होते?

गणपतीत आरत्या आटपल्या, चहाचे कप फिरले, की पडवीत बसलेल्या चाकरमान्याला कुणीतरी हमखास विचारतं, "ती सिरियलमधली आता खंय दिसणा नाय ती?" मुंबईत राहतो म्हणजे याला सगळं ठाऊक असणार, असा गावचा समज. तोही मग ठोकून देतो. लग्न झालं असेल, डोक्यात हवा गेली असेल, काम मिळत नसेल. या तिन्हींपैकी एखादं उत्तर कधी बरोबर निघतंही. पण बहुतेक वेळा खरं कारण मालिकेचा धंदा ज्या पद्धतीने चालतो त्यात असतं, आणि ती पद्धत कुणी सांगत नाही.

सिंधुदुर्गात हा प्रश्न जरा जास्तच विचारला जातो, कारण आपण शूटिंग जवळून पाहिलंय. 2016 साली 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेचं चित्रीकरण सावंतवाडीजवळ आकेरीच्या एका वाड्यात सुरू झालं आणि पर्यटक तारकर्लीच्या वाटेवर 'नाईकांचो वाडो' बघायला थांबू लागले. कॅमेरा, लाइट, जनरेटर, दुपारी पत्रावळीवर जेवणारी नटमंडळी, सगळं लोकांनी पाहिलं. दिसलं नाही ते कागदावरचं. म्हणजे पैसे कोण देतं, किती दिवसांनी देतं, आणि भूमिका कोणाच्या मालकीची असते.

त्याआधी थोडं मागे जाऊ. दादासाहेब फाळक्यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाली ती अण्णा साळुंके या पुरुषाने, कारण पडद्यावर यायला बाईच मिळेना. त्यांच्या पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला उभ्या राहिल्या आणि ती कोंडी फुटली. 1932 साली मराठीतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' आला. गोष्ट तीच हरिश्चंद्राची, पण तारामती होत्या दुर्गा खोटे, सुशिक्षित, सधन घरातल्या. एकाच भूमिकेचा हा 19 वर्षांचा प्रवास आहे. आपल्याकडे पारंपरिक दशावतारी मंडळांत आजही बहुतेक राण्या आणि देवी पुरुषच रंगवतात, आणि काही जण त्या इतक्या सुरेख रंगवतात की पुढच्या रांगेतल्या बायका त्यांच्या साडीच्या निऱ्यांवर चर्चा करतात. पण त्यामुळे गावच्या मुलीला रंगमंचाची पहिली पायरी दशावतारातून क्वचितच मिळते. तिला ती कॉलेजच्या एकांकिकेत शोधावी लागते.

मालिका दिवस विकत घेते

आता मुख्य गोष्ट. मालिकेतल्या कलाकाराला पगार नसतो. 'पर डे' असतो, म्हणजे शूटिंगला बोलावलं त्या दिवसाचे पैसे. नायिका असेल तर महिन्याचे बरेच दिवस बोलावणं येतं. नायिकेची मावशी असेल तर कधी दहा दिवस, कधी तीन. बऱ्याच करारांत महिन्याला किमान अमुक दिवसांची हमी लिहिलेली असते, काहींत नसते. एका अभिनेत्रीचं घर चालतं आणि दुसरीचं चालत नाही, याचं निम्मं उत्तर या एका ओळीत आहे.

एक हिशेब करून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, कुणा एकीचे नाहीत. समजा, रोजचे 6,000 रुपये ठरले आणि महिन्यात 18 दिवस काम लागलं. झाले 1,08,000. त्यातून 10 टक्के टीडीएस, म्हणजे 10,800, आधीच कापला जातो (तो पुढे रिटर्न भरताना हिशेबात धरला जातो, पण आत्ता हातात नाही). काम मिळवून देणाऱ्या कोऑर्डिनेटरचं कमिशन 15 टक्के धरलं तर 16,200. उरले 81,000. गावाकडे हा आकडा मोठा वाटतो. पण या धंद्यात पैसे साधारण 90 दिवसांनी येण्याची चाल आहे. म्हणजे जूनमध्ये केलेल्या कामाचे पैसे गणपती उलटून गेल्यावर. पहिली मालिका मिळालेल्या मुलीला ठाण्यात नाहीतर मीरा रोडला भाड्याने खोली घ्यायची असते, डिपॉझिट भरायचं असतं, पार्लर, रिक्षा, कार्यक्रमांना घालायचे कपडे, सगळं आधी. टीव्हीवर रोज संध्याकाळी दिसणारी मुलगी पहिले तीन महिने घरून पैसे मागवत असते, हे ऐकून लोक हसतात. हसण्यासारखं काही नाही.

काम किती असतं तेही पाहा. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून साधारण 22 मिनिटांचा मजकूर लागतो. आठवड्याला सहा भाग म्हणजे महिन्याला सव्वीसच्या आसपास. 22 गुणिले 26, झाली 572 मिनिटं. दोन तास वीस मिनिटांचा एक सिनेमा धरला तर दर महिन्याला चार सिनेमांइतकी फीत तयार करायची! म्हणून बारा-बारा तासांच्या शिफ्ट. म्हणून सेटवर सीनचा कागद कधी कधी शॉटच्या अर्धा तास आधी हातात पडतो. पुढचे काही भाग चित्रित करून ठेवलेले असतील तर त्याला बँक म्हणतात, आणि ती बँक रिकामी झाली की आज शूट झालेलं उद्या दाखवावं लागतं. अशा वेगात पाठांतर पक्कं असलेली, तीच भावना सलग सहा वेळा वेगवेगळ्या कोनांतून देऊ शकणारी आणि आदल्या सीनमध्ये ओढणी कोणत्या खांद्यावर होती हे लक्षात ठेवणारी अभिनेत्री युनिटला हवीशी वाटते. दिसायला सुंदर असण्याचा क्रमांक त्यानंतर लागतो. या बाबतीत दशावतारी नटाइतकी तयारी क्वचित कुणाची असेल, कारण त्याच्या हातात संहिताच नसते; कथानक ठरलेलं आणि संवाद तिथल्या तिथे.

मग ती दिसेनाशी का होते? मालिकेत निर्माती संस्था आणि चॅनेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संस्था मालिका बनवते, चॅनेल दर भागाचे ठरावीक पैसे तिला देतं. चॅनेलचं उत्पन्न मुख्यतः जाहिरातींवर, आणि जाहिरातीचा दर टीआरपीवर. हा टीआरपी बार्क नावाची संस्था मोजते. देशभरात पन्नास हजारांहून जास्त घरांत तिची यंत्रं बसवलेली आहेत, आणि 2015 पासून तिचे आकडे दर आठवड्याला येतात. गुरुवार हा मालिकावाल्यांचा निकालाचा दिवस. आकडा घसरला की लेखकांच्या खोलीत कथेचा 'ट्रॅक' बदलतो. नायिकेच्या बहिणीच्या लग्नाचा ट्रॅक चालला नाही तर तो बंद होतो आणि बहीण 'पुण्याला शिकायला' जाते. कथा एकदम पाच वर्षं पुढे नेली, ज्याला 'लीप' म्हणतात, तर त्या उडीत दोन-चार पात्रं गळून पडतात. त्यातल्या कुणाचा अभिनय वाईट होता असं नाही. गावात मात्र ती 'काढून टाकलेली' ठरते.

दुसरं कारण करारातलं. नायिकेच्या करारात बहुतेक वेळा अट असते की मालिका चालू असेतो दुसऱ्या चॅनेलवर काम करायचं नाही, आणि काहींत मालिका संपल्यावरही काही महिने तेच बंधन राहतं. त्या काळात ती घरी बसलेली नसते. ती नाटकाच्या तालमीला जाते, डबिंग करते, ऑडिशन देते. फक्त आपल्याला दिसत नाही.

तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. भूमिका गाजली की चेहऱ्याला चिकटते. 'रात्रीस खेळ चाले'च्या 2019 मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पर्वात अपूर्वा नेमळेकर यांनी शेवंता केली. त्याआधी 2011 साली त्या 'आभास हा' मालिकेत होत्या. म्हणजे सगळ्यांनी नाव घ्यावं अशी भूमिका मिळेपर्यंत मध्ये आठ वर्षं गेली. शेवंता इतकी गाजली की बाजारात त्यांना त्याच नावाने हाका पडायच्या असं म्हटलं तर कुणाला आश्चर्य वाटणार नाही. पण शेवंता हे पात्र त्यांच्या मालकीचं नव्हतं. तिसऱ्या पर्वात मध्येच त्या बाहेर पडल्या आणि कृतिका तुळसकर शेवंता म्हणून दिसू लागल्या. धंद्याच्या भाषेत याला 'रिप्लेसमेंट' म्हणतात. प्रेक्षक आठ-पंधरा दिवस कुरकुरतात आणि मग बघत राहतात, हे चॅनेलला अनुभवाने माहीत असतं. नेमळेकर पुढे 2022 मध्ये सुरू झालेल्या 'बिग बॉस मराठी'च्या चौथ्या पर्वात उपविजेत्या ठरल्या आणि मग 'प्रेमाची गोष्ट' मालिकेत सावनी झाल्या. ही साखळी नीट पाहिली की करिअर कसं चालतं ते कळतं. आधीच्या भूमिकेतून मिळालेली ओळख घेऊन, ती विझायच्या आत, पुढच्या कामापर्यंत पोचायचं. स्पर्धेच्या कार्यक्रमात जाणं म्हणजे घसरण, असं आपल्याकडे पटकन बोललं जातं. मला ते पटत नाही. तिथे प्रेक्षकांना पात्राच्या नावाऐवजी बाईचं नाव कळतं, आणि पुढच्या करारात दर त्या नावाला मिळतो.

सिनेमाचं गणित वेगळं

मालिका जर रोजंदारी असेल, तर सिनेमा म्हणजे हापूसची बाग खंडाने देणं. मोहोर यायच्या वेळेलाच एकरकमी आकडा ठरतो. मग आंबा चांगला लागो की तुडतुड्याने मोहोर जळो, बागमालकाचे पैसे तेवढेच. मराठी सिनेमाचं शूटिंग साधारण महिनाभराचं असतं. अभिनेत्रीशी ठोक रक्कम ठरते आणि ती हप्त्यांनी मिळते. थोडी सही करताना, थोडी शूटिंगमध्ये, उरलेली डबिंगच्या वेळी. हा डबिंगचा हप्ता ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आवाज दिल्याशिवाय सिनेमा पुरा होत नाही, म्हणून थकलेले पैसे वसूल करायची कलाकाराच्या हातातली ती शेवटची संधी. एकदा डबिंग झालं की निर्मात्याचा फोन लागेनासा होतो, अशी तक्रार या क्षेत्रात नवी नाही.

सिनेमा चालला तर त्याच्या नफ्यात तिचा वाटा सहसा नसतो. पुढच्या सिनेमाचा आकडा मात्र वाढतो. पडला तर पैसे परत द्यायचे नसतात, पण पुढचा फोन उशिरा येतो. शूटिंग आणि प्रदर्शन यांत वर्ष-दीड वर्ष सहज जातं, कधी सिनेमा डब्यातच राहतो. म्हणून सिनेमावर एकट्यावर राहणाऱ्या मराठी अभिनेत्री थोड्या. बाकीच्या तीन-चार डगरींवर पाय ठेवून असतात: मालिकेचा पर डे, नाटकाची 'नाईट' म्हणजे दर प्रयोगाचं मानधन, जाहिरात, डबिंग, आणि सुपारी. सुपारी म्हणजे कार्यक्रमाला पैसे घेऊन लावलेली हजेरी. आपल्याकडे नवरात्रात पैठणीचे खेळ, दहीहंडी, पर्यटन महोत्सव, सोन्याच्या दुकानाची उद्घाटनं असतात, तिथे येणारी 'झी मराठी फेम' किंवा 'स्टार प्रवाह फेम' अभिनेत्री सुपारीवर आलेली असते. स्टेजवर ती दहा मिनिटंच थांबली म्हणून आयोजक नाराज होतात. पण तिचा दुसऱ्या दिवशी सकाळी सातचा कॉल, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, असतो आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायची असते.

सिनेमातून मिळते ती मुख्यतः प्रतिष्ठा. पुरस्कार, महोत्सव, मुलाखती. घराचा हप्ता मात्र मालिका भरते. हे उघडपणे बोलायला कलाकार कचरतात, कारण 'मी निवडक काम करते' हे वाक्य जास्त शोभून दिसतं.

वयाचा प्रश्न

इथे पुरुष आणि बाईचं करिअर वेगळं होतं. रीमा लागू यांचा जन्म 1958 चा. 1989 च्या 'मैंने प्यार किया'मध्ये त्या सलमान खानच्या आई होत्या, वय एकतीस. 1999 च्या 'वास्तव'मध्ये संजय दत्तच्या आई झाल्या, आणि संजय दत्तचा जन्म 1959 चा! मुलगा आईपेक्षा एका वर्षाने लहान. प्रेक्षकांना खटकलं नाही, यात रीमाताईंच्या अभिनयाची ताकद आहे, पण त्या धंद्याची एक सवयही आहे: नायक पन्नाशीतही नायक राहतो आणि त्याच्या वयाची बाई त्याची आई होते.

दूरदर्शन आणि नंतरच्या चॅनेल्सनी या बाबतीत बायकांना मोठा आधार दिला. रीमाताईंना 'श्रीमान श्रीमती' आणि 'तू तू मैं मैं'मध्ये विनोदी, मध्यवर्ती भूमिका मिळाल्या, ज्या सिनेमाने त्यांना दिल्या नव्हत्या. 2017 मध्ये त्या गेल्या तेव्हाही एका मालिकेत काम करत होत्या. मालिकांना नावं ठेवण्याची एक फॅशन आहे, आणि त्यातली कारस्थानं बघून मीही टीव्ही बंद करते. पण चाळिशी ओलांडलेल्या मराठी अभिनेत्रीला सलग दोन-तीन वर्षं काम देणारी जागा दुसरी कुठे आहे? सासू, आजी, आत्या, कजाग शेजारीण, शाळेची मुख्याध्यापिका. संध्याकाळी सातला टीव्हीसमोर बसणाऱ्यांत बायका जास्त, म्हणून गोष्टीतही बायका जास्त.

काही जणी कॅमेऱ्याच्या मागे गेल्या. दुर्गा खोटे स्टुडिओच्या पगारावर अडकून न राहता वेगवेगळ्या संस्थांकडे काम करणाऱ्या पहिल्या अभिनेत्रींपैकी. पुढे त्यांनी स्वतःची निर्मिती संस्था काढली, आणि दूरदर्शनवरची 'वागले की दुनिया' ही त्याच संस्थेची. 1932 ची तारामती 1988 मध्ये टीव्ही मालिकेची निर्माती म्हणून उभी आहे. 1983 चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला होता, पण मला त्या पुरस्कारापेक्षा ही निर्मितीच मोठी वाटते.

कुडाळहून ठाण्याला

आता आपल्याकडची मुलगी या सगळ्यात शिरते कुठून? मुंबई विद्यापीठाचा युवा महोत्सव रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कॉलेजांनाही असतो. राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र रत्नागिरीत असतं. कुडाळची बाबा वर्दम थिएटर्ससारखी संस्था वर्षानुवर्षं नाटक करते आहे. या स्पर्धांना परीक्षक म्हणून मुंबईची माणसं येतात, आणि ओळखी तिथे होतात. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण सुरू झाल्यापासून रात्री कुडाळला कोकणकन्येत बसून सकाळी मुंबईत ऑडिशनला उभं राहता येतं. आता तर पहिली फेरी मोबाइलवर होते: पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहून नाव, वय, उंची सांगायची, डावी-उजवी बाजू दाखवायची आणि दिलेला सीन करायचा. आवडलं तर लूक टेस्ट (पात्राच्या वेशात कशी दिसते ते बघायला), मग मॉक शूट (चाचणीपुरतं शूटिंग), मग चॅनेलचा होकार. चॅनेलचा होकार येईपर्यंत 'फायनल झालं' म्हणून कुणी पेढे वाटू नयेत, शेवटच्या दोघींतून एक निवडली जाते.

मालवणी हेल हा काही मुलींना दोष वाटतो आणि त्या तो घासून काढायच्या मागे लागतात. प्रमाण मराठी यायलाच हवं, त्याला इलाज नाही. पण हेल टाकून देऊ नये. आकेरीच्या मालिकेत अस्सल मालवणी बोलणारी माणसं लागली तेव्हा इथल्याच नाटकवाल्यांना काम मिळालं. अर्थात अशी मालिका दर वर्षी इथे येत नाही. सगळं युनिट मुंबईहून आणायचं, राहायची-जेवायची सोय करायची, आणि जून ते सप्टेंबर पावसाच्या आवाजात संवाद टिपायचे, हा खर्च प्रत्येक निर्मात्याला झेपत नाही. ठाण्याला घोडबंदर रोडवर नाहीतर मढला बंगला भाड्याने घेऊन 'कोकणातलं घर' उभं करणं स्वस्त पडतं. त्यामुळे गाव सोडावं लागतंच.

जाण्यापूर्वी काही गोष्टी घरच्यांनीही समजून घ्याव्यात. ऑडिशनसाठी, 'पोर्टफोलिओ कंपल्सरी आहे' म्हणून किंवा 'आर्टिस्ट कार्ड काढून देतो' म्हणून आधी पैसे मागणारा माणूस काम देणारा नसतो. कलाकारांची संघटना सिंटा 1958 पासून आहे. तिचं सदस्यत्व कसं मिळतं ते थेट संघटनेकडे विचारावं, मधल्या माणसाकडे नाही. दहा किंवा अधिक माणसं काम करतात त्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असणं 2013 च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि मालिकेचा सेट हेही कामाचं ठिकाणच. समितीत कोण आहे हे पहिल्या आठवड्यात विचारलं तर कुणी वाईट मानण्याचं कारण नाही.

आणि करार. तो बहुधा इंग्रजीत, वीस-पंचवीस पानी येतो आणि 'उद्या सही हवी' असा निरोप सोबत येतो. गावातल्या ओळखीच्या वकिलाला दाखवायला एक रात्र पुरते. महिन्याला किमान किती दिवसांची हमी आहे, पैसे किती दिवसांनी मिळणार, बारा तासांपुढे थांबवलं तर जादा पैसे आहेत का, दुसरीकडे काम न करण्याची अट मालिका संपल्यावर किती महिने राहते, एवढं तरी त्याच्याकडून वाचून घ्यावं. शेवटच्या पानांत कुठेतरी नोटिशीची मुदत असते. निर्माता सात दिवसांच्या नोटिशीवर काढू शकतो आणि मुलीला सोडायचं तर साठ दिवस आधी कळवायचं, असं लिहिलेलं आढळलं तर सही करण्यापूर्वी ते दोन्हीकडून सारखं करून मागावं.